राहून गेलेले शुक्रवार

वाचकाचं पत्र असं आहे :

"नमस्कार. २०२० च्या मार्चपर्यंत मी आणि माझी थोरली बहीण दर शुक्रवारी संध्याकाळी सिनेमाला जायचो. वीस वर्षांचा नेम होता. थिएटरं बंद झाली तेव्हा मी एका वहीत 'नंतर पाहायचे' म्हणून नावं लिहायला लागलो. आज त्या वहीत १२७ नावं आहेत. थिएटरं उघडून बराच काळ लोटला. ताई नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मी मोठा टीव्ही घेतला. पण रात्री वही उघडली की अर्धा-पाऊण तास निवडण्यातच जातो आणि शेवटी दहादा पाहिलेलंच काहीतरी लावून बसतो. जे थोडे नवे पाहिले ते तुकड्यातुकड्यांत, आणि त्यातलं काही लक्षातही राहिलं नाही. बायको म्हणते, गेलं ते गेलं, फाडून टाक ती वही. ते होत नाही. हे १२७ सिनेमे कसे संपवू? कुठून सुरुवात करू? आणि जे मोठ्या पडद्यासाठीच काढले होते ते टीव्हीवर पाहून वाया घालवू का? — वहीवाला प्रेक्षक"

वही फाडू नका. तुमच्या पत्नीच्या म्हणण्यात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे, पण वही राहू द्या.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच शब्दाशी अडले : 'संपवू'. साचलेली कामं आपण संपवतो, थकलेली देणी संपवतो. सिनेमाला निघताना तुम्ही ताईला 'चल, एक संपवून येऊ' असं कधी म्हणाला नसाल. मधल्या काळात त्या वहीचं उधारीचं खातं झालं आहे. दिवसभर राबून आल्यावर रात्री दहाला उधारीचं खातं उघडायला कुणाचं मन होईल? म्हणून तुमचा हात दहादा पाहिलेल्या सिनेमाकडे जातो. त्याचं तुम्ही काही देणं लागत नाही. यात आळस नाही आणि तुमची आवडही आटलेली नाही.

मला वाटतं, त्या वहीत दोन गोष्टी एकात एक मिसळून लिहिल्या गेल्यात. एक म्हणजे सिनेमे, आणि दुसरी म्हणजे ते शुक्रवार. सिनेमे जवळपास सगळे शाबूत आहेत, कुठे ना कुठे मिळतील. शुक्रवार मात्र गेले. तुम्ही दोघं शेजारी बसून जे पाहिलं असतं, परतताना ज्यावर वाद घातला असता, ते आता कुठल्याही पडद्यावर लागणार नाही. त्याचं वाईट वाटून घ्या. माणसं माणसांना गमावत होती त्या दिवसांत सिनेमा हुकल्याचं दुःख बोलून दाखवायचा संकोच वाटायचा, मलाही वाटायचा. म्हणून ते आपण बोललोच नाही, वहीत लिहीत राहिलो. वीस वर्षांचा नेम तुटला, ही लहान गोष्ट नाही. ती सिनेमांच्या खात्यावर मांडलीत तर १२७ काय, तीनशे सिनेमे पाहूनही ते खातं मिटणार नाही.

आता सिनेमांकडे वळू.

आधी थोडा हिशोब. एक सिनेमा सरासरी दोन तासांचा धरला तर तुमची वही साधारण २५० तासांची आहे. आठवड्याला दोन पाहिले तरी सव्वा वर्ष लागेल, आणि या सव्वा वर्षात नवे सिनेमे यायचे थांबणार नाहीत. तेव्हा पेन घेऊन बसा आणि प्रत्येक नावापाशी एकच प्रश्न विचारा : हे नाव मला आज पहिल्यांदा कळलं असतं, तर मी पाहायला गेलो असतो का? काही नावं तुम्ही लिहिलीत कारण त्या आठवड्यात सगळे त्याबद्दल बोलत होते. काही लिहिलीत कारण बाहेरचं जग बंद होतं आणि नाव लिहिण्यानेही जरा हायसं वाटायचं. त्या नावांनी आपलं काम तेव्हाच केलं, आता त्यांच्यावर निवांत काट मारा. माझ्या वहीत ऐंशीच्या वर नावं होती. एका दुपारी बसले तेव्हा सव्वीस उरली आणि एकाही खोडलेल्या नावासाठी नंतर जीव हळहळला नाही.

हे काम एकट्याने करू नका. ताईला फोन लावा, नावं वाचून दाखवा आणि ती काय म्हणते ते ऐका. 'हा तर तूच म्हणाला होतास, पहिल्याच दिवशी जाऊ' असं ती एखाद्या नावाला म्हणाली, तर ते नाव राहील.

उरलेल्या नावांची वाटणी कशी करायची? चांगले-वाईट अशी करू नका, भाषेप्रमाणेही नको. घरी आणल्यावर त्या सिनेमाचं काय हरवतं, ते पाहून करा. कुठल्या सिनेमाला अंधार लागतो, कुठल्याला आवाज, कुठल्याला पडद्याची उंची, तर कुठल्याला शेजारचं माणूस. त्यासाठी त्या दोन वर्षांत सिनेमांचं नेमकं काय झालं, ते थोडं आठवायला हवं, कारण सगळ्यांचं नशीब सारखं नव्हतं.

काही सिनेमे थांबून राहिले. 'अ क्वाएट प्लेस'च्या दुसऱ्या भागाचा पहिला खेळ ८ मार्च २०२० ला न्यूयॉर्कमध्ये झाला, आणि मग तो डब्यात बंद झाला तो २०२१ च्या मे महिन्यापर्यंत. 'नो टाइम टू डाय' एप्रिल २०२० मध्ये यायचा होता, तो तारखा बदलत बदलत सप्टेंबर २०२१ च्या अखेरीला आला. काहींनी थांबायचं नाकारलं. 'टेनेट' ऑगस्ट २०२० च्या शेवटी, अर्धं जग बंद असताना पडद्यावर आला. काही दोन्हीकडे एकदम आले : डिसेंबर २०२० मध्ये वॉर्नर ब्रदर्सने जाहीर केलं, की २०२१ चे त्यांचे सगळे सिनेमे अमेरिकेत थिएटर आणि घर दोन्हीकडे एकाच दिवशी लागतील. त्यात 'ड्यून'ही होता आणि दिग्दर्शक डेनिस विलनव याने या निर्णयाला उघड विरोध केला होता. काही थेट घरीच आले. 'सोल' अमेरिकेत २०२० च्या नाताळला घरच्या पडद्यावर लागला आणि तिथल्या थिएटरांत पोचायला त्याला जानेवारी २०२४ उजाडला. आणि माझा जीव ज्यांच्यासाठी सगळ्यात जास्त तुटतो ते सिनेमे म्हणजे, जे नुकतेच लागले होते आणि आठवडाभरात उतरवावे लागले. केली रायकार्टचा 'फर्स्ट काउ' ६ मार्च २०२० ला अमेरिकेत लागला. लगेच दारं बंद झाली. पुढे जुलैत तो घरबसल्या पाहण्यासाठी आला, पण त्याच्या वाट्याचा गाजावाजा तोवर विरून गेला होता.

वहीत अशी उतरवली गेलेली नावं असतील तर ती वर घ्या. थांबून राहिलेल्या मोठ्या सिनेमांना पुढे जाहिराती मिळाल्या, पुनरागमन मिळालं. या छोट्यांना आता फक्त तुमच्यासारखा वहीवाला माणूसच मिळू शकतो.

आता तुमच्या मूळ दुखण्याकडे येते. पाहिलेलं लक्षात का राहत नाही?

'द फादर' मी पहिल्यांदा लॅपटॉपवर पाहिला, तीन संध्याकाळी मिळून, मधेमधे कपड्यांना इस्त्री करत. बरा वाटला, एवढंच. वर्षभराने एका रात्री दिवे बंद करून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तो पुन्हा लावला. स्मृतिभ्रंश झालेल्या म्हाताऱ्याची ती गोष्ट, आणि ती त्याच्याच डोक्याच्या आतून सांगितलेली आहे. घर तेच असतं. दार तेच, लांबट बोळ तोच. पण थोड्या वेळाने वाटतं, या भिंतीचा रंग असाच होता का? इथला दिवा कुठे गेला? ती खुर्ची मघाशी इथे होती की नव्हती? कुणी काही बोलून दाखवत नाही. दर काही मिनिटांनी खोलीतलं थोडं थोडं बदललेलं असतं, आणि अँथनी हॉपकिन्सचा चेहरा जसा गोंधळतो तसे आपण आपल्या जागी बसून गोंधळतो. पहिल्या वेळी मी हे सगळं घालवलं होतं. इस्त्रीवरून मान वर करणाऱ्या माणसाला खुर्ची हलल्याचं कसं कळणार? ९७ मिनिटांचा सिनेमा आहे. सलग ९७ मिनिटं त्याला दिली असती तर त्याने पहिल्याच रात्री मला आत घेतलं असतं.

थिएटर आपल्याला मोठा पडदा देतं हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट तिथे घडते, ती ही की वेळ दुसऱ्या कुणीतरी ठरवलेली असते. नऊचा शो नऊला सुरू होतो. तुम्ही पोचा किंवा पोचू नका. मधे थांबवता येत नाही, मागे नेता येत नाही, कंटाळा आला तरी पाच मिनिटं बसून काढावी लागतात आणि पुष्कळदा त्या पाच मिनिटांनंतरच सिनेमा उघडतो. घरी रिमोट आपल्या हातात आला आणि ही शिस्त गेली. तुमचा पाऊण तास निवडण्यात जातो त्याचं कारणही तेच : दर रात्री तुम्ही प्रेक्षकही असता आणि थिएटरचे मॅनेजरही. मॅनेजरचं काम आधीच उरकून टाका. रविवारी ठरवा, की शनिवारी साडेआठला अमुक सिनेमा. नाव लिहून फ्रिजवर लावा. मग शनिवारी निवडायचं काही उरत नाही, फक्त जायचं असतं, चार पावलांवर का होईना. साडेआठ म्हणजे साडेआठ. उशीर झाला तर त्या दिवशीचा शो चुकला म्हणा आणि पुढच्या शनिवारी लावा. कडक वाटेल, पण करून पाहा. चुकू शकणाऱ्या गोष्टीचीच माणूस ओढीने वाट पाहतो.

फोन खोलीबाहेर ठेवा. उलटा ठेवून चालत नाही, खोलीबाहेरच.

टीव्ही मोठा घेतलात हे चांगलं केलंत, पण कंपनीने लावून दिलेली सेटिंग्ज तशीच असतील तर तो तुमच्या सिनेमांवर अन्याय करतो आहे. सिनेमा बहुधा सेकंदाला २४ चौकटींत चित्रित होतो. पुष्कळ टीव्ही या चौकटींच्या मधे स्वतः बनवलेल्या जास्तीच्या चौकटी घुसवतात, म्हणजे हालचाल गुळगुळीत दिसावी. क्रिकेट-फुटबॉलला ते छान दिसतं. सिनेमा मात्र त्याने मालिकेसारखा दिसायला लागतो, अभिनय खोटा वाटतो आणि नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही. याला 'मोशन स्मूदिंग' म्हणतात. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळं नाव दिलेलं असतं, तेव्हा चित्राच्या सेटिंगमध्ये 'मोशन' हा शब्द असलेलं जे काही दिसेल ते बंद करा. टॉम क्रूझने २०१८ च्या डिसेंबरमध्ये खास व्हिडिओ काढून लोकांना हे बंद करायची विनंती केली होती, इतकी ती बाब सिनेमावाल्यांना लागते. नव्या टीव्हींवर 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो लावला की हे आपोआप बंद होतं आणि रंगही दिग्दर्शकाने ठरवलेल्याच्या जवळ जातात. आधी चित्र जरा पिवळट आणि मंद वाटेल. दहा मिनिटं धीर धरा, दिवे बंद करा, डोळे सरावतात.

दुसरं, पडद्यावरच्या काळ्या पट्ट्या. वर-खाली काळं दिसतं म्हणून चित्र ताणून बसवू नका. अनेक सिनेमांची रुंदी उंचीच्या २.३९ पट असते आणि टीव्हीची १.७८ पट, म्हणून पट्ट्या येतात. उलट 'फर्स्ट काउ'सारखा सिनेमा जवळजवळ चौकोनी आहे, त्याला डाव्या-उजव्या बाजूला काळं दिसेल. ते तसंच हवं. त्याची सुरुवात आठवते : नदीवरून एक मालवाहू जहाज पडद्याच्या एका कडेने शिरतं आणि सावकाश, अगदी सावकाश सरकत राहतं. कुणी बोलत नाही. कडा कापल्या तर जहाज शिरण्याचा तो क्षणच जातो.

तिसरं, आवाज. मला तर हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. संवाद ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढच्या स्फोटाला घर दणाणतं, हा अनुभव तुम्हालाही असेल. सिनेमाचा आवाज खोलीभर पसरलेल्या अनेक स्पीकर्ससाठी बांधलेला असतो, आणि टीव्हीचे स्पीकर बारके, बहुतेकदा मागच्या बाजूला तोंड करून. चित्रात थोडं कमी झालं तर डोळा सांभाळून घेतो, आवाजात कमी झालं तर सिनेमा सपाट होतो. खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर आवाजावर करा, नाहीतर चांगले हेडफोन घ्या. 'साउंड ऑफ मेटल' वहीत असेलच. ड्रम वाजवणाऱ्या एका तरुणाची श्रवणशक्ती जाते त्याची ही गोष्ट, आणि ध्वनीसाठी तिला ऑस्कर मिळालं. तो ऐकतो तसं आपण ऐकतो, मग तो ऐकत नाही तसं आपणही ऐकत नाही. हेडफोनवर हा सिनेमा, माझ्या मते, थिएटरइतकाच जवळ येतो. काही बाबतीत जास्तच.

आता ज्यांच्यासाठी थांबावं, ते. तुम्ही विचारलंत, मोठ्या पडद्यासाठी काढलेले टीव्हीवर पाहून वाया घालवू का. सरसकट उत्तर नाही, पण माझी फूटपट्टी सांगते. सिनेमात माणूस लहान आणि जागा प्रचंड दिसावी असं दिग्दर्शकाला वाटत असेल, तर थांबा. 'ड्यून'मधली वाळू, 'टेनेट'चा मोठ्या फिल्मवर टिपलेला पट, हे खाली बसून मान वर करून पाहायचं आहे. आणि थांबण्यात अर्थही आहे, कारण हे सिनेमे परत येतात. 'टेनेट' फेब्रुवारी २०२४ मध्ये आयमॅक्सच्या पडद्यांवर पुन्हा लागला होता. पुढचा भाग येणार असला, वर्धापनाचं वर्ष असलं की जुने पुन्हा लावले जातात. जवळच्या थिएटरच्या, फिल्म सोसायटीच्या, महोत्सवाच्या वेळापत्रकावर नजर ठेवा. काही थिएटरं आठ-दहा जणांनी मिळून अख्खा शो घेऊ देतात, विचारून पाहा. वहीच्या मागच्या पानावर अशी पाच-सात नावं लिहा, आणि वर लिहा 'फक्त थिएटर'. पाच-सातच हं. पंचवीस झाली तर ती वाट पाहणं राहत नाही, टाळणं होतं.

एक नाव त्या पानासाठी मी सुचवते. 'मेमोरिया'. थायलंडच्या अपिचातपाँग वीरासेताकूनचा हा सिनेमा कोलंबियात घडतो आणि २०२१ मध्ये कान महोत्सवात त्याला ज्युरीचं पारितोषिक विभागून मिळालं. अमेरिकेतल्या वितरकांनी तेव्हा जाहीर केलं, की हा फक्त थिएटरांत दाखवला जाईल, एका वेळी एका शहरात. सगळं जग घरबसल्या पाहत होतं त्या दिवसांत घेतलेला हा निर्णय. टिल्डा स्विंटनने साकारलेल्या बाईला एक आवाज ऐकू येतो, तिच्याखेरीज कुणाला न येणारा. ती ध्वनिमुद्रण करणाऱ्या एका तरुणाकडे जाते आणि तो आवाज त्याला शब्दांत सांगू पाहते. तो यंत्रावर आवाज जुळवतो, ती ऐकते, मान हलवते, असा नाही, जरा अधिक मातीतला. तो पुन्हा जुळवतो. बराच वेळ हेच चालतं. भरल्या थिएटरात दोनशे माणसं श्वास रोखून त्याच एका धपक्याची वाट पाहत असतात. हे घरी होणं कठीण आहे, म्हणून याच्यासाठी थांबा.

उरलेल्यांसाठी थांबू नका. 'नोमॅडलँड'मधलं माळरान आणि संधिप्रकाश मोठ्या पडद्यावर अधिक सुंदर दिसतात, मान्य. पण त्यातली खरीखुरी भटकी माणसं शेकोटीशी बसून आपली कहाणी सांगतात, तो भाग छोट्या खोलीतही तितकाच उतरतो. त्याला वाया गेला म्हणू नये. अंधारात, सलग आणि लक्ष देऊन पाहिलेला कुठलाही सिनेमा वाया जात नाही. वाया जातो तो अर्धवट.

आपल्या भाषेतल्या एका सिनेमाबद्दल वेगळं लिहायलाच हवं. चैतन्य ताम्हाणेंचा 'द डिसायपल' सप्टेंबर २०२० मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता, पटकथेचा पुरस्कार घेऊन आला, आणि ३० एप्रिल २०२१ ला थेट घरोघरच्या पडद्यावर लागला. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा तरुण रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलने जात असतो, गाडी जणू तरंगत असते, आणि त्याच्या कानात माईंचा, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंचा, आवाज चालू असतो : साधनेबद्दल, एकटेपणाबद्दल, कलेसाठी काय सोडावं लागतं त्याबद्दल. माई दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावे यांचा आहे. त्या १९ एप्रिल २०२१ ला गेल्या, सिनेमा लोकांसमोर यायच्या अकरा दिवस आधी. हा सिनेमा मोठ्या पडद्यावर पाहायला मिळाला असता तर, असं मला आजही वाटतं. पण चांगल्या हेडफोनवर, अंधारात, तो आवाज ऐका. ते रस्ते तुमच्या खोलीत येतील. वहीत हा नसेल तर घाला. एवढी एक भर मी घालते.

काही सिनेमांना शेजारचं माणूस लागतं. 'अ क्वाएट प्लेस'मध्ये आवाज केला की मरण, म्हणून सगळं थिएटर गप्प होतं आणि त्या गप्प होण्यातच निम्मी भीती असते. डेन्मार्कचा 'अनदर राउंड'ही असाच. चार शिक्षक मित्रांची गोष्ट, मध्यमवयाने थकलेल्या. दिग्दर्शक थॉमस विंटरबर्गची एकोणीस वर्षांची मुलगी चित्रीकरण नुकतंच सुरू झालेलं असताना अपघातात गेली, आणि तरी त्याने जगण्याच्या बाजूने बोलणारा सिनेमा पुरा केला, तो तिलाच अर्पण केला. त्याची शेवटची काही मिनिटं एकट्याने पाहू नका. पाहून झाल्यावर लगेच कुणाकडे तरी वळून बघावंसं वाटतं, आणि तिथे कुणी नसलं तर फार चुटपुट लागते.

इथेच ताई येते. वेगळ्या शहरात आहे म्हणून नेम मोडलाच पाहिजे असं नाही. दोघांनी एकाच वेळी आपापल्या घरी तोच सिनेमा लावायचा. सिनेमा चालू असताना फोन नाही, निरोप नाही. नावांची पाटी संपली की फोन. थिएटरातून घरी येतानाचा तो रस्ता तुम्ही दोघं बोलत कापायचा, आठवा. तुम्हाला हवा आहे तो बहुधा तोच रस्ता. माझी मैत्रीण दुसऱ्या देशात असते आणि आम्ही महिन्यातून एकदा हे करतो. तिच्याकडे सकाळ असते, ती पडदे ओढून घेते. 'ड्राइव्ह माय कार' आम्ही असाच पाहिला. तीन तासांना एक मिनिट कमी, आणि सुरुवातीच्या नावांची पाटी येते ती जवळजवळ चाळीस मिनिटांनी. ती पाटी आली तेव्हा मला खात्री होती, की तिकडे तिनेही आत्ता 'अरे!' म्हटलं असणार. नंतर विचारलं. म्हटलं होतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं राहिलं. गेलं ते गेलं, असं त्या म्हणतात. शुक्रवारांबद्दल त्यांचं बरोबर आहे आणि कदाचित त्या तेच सांगत असाव्यात. रोज रात्री पाऊण तास रिमोट घेऊन हिरमुसलेला नवरा त्यांना दिसतो, वहीतल्या नावांमागची माया दिसत नाही. एका शनिवारची निवड त्यांच्याकडे द्या, वही त्यांच्या हातात देऊन. त्या वहीबाहेरचं नाव सांगतील, तरी तेच लावा.

सुरुवात 'द फादर'ने करा. लहान आहे, घरातच घडतो, घरात पाहिल्याने त्याचं फार काही जात नाही, आणि सलग बसण्याची सवय परत लावायला त्याच्यासारखा दुसरा नाही. त्यानंतर हेडफोन आणून 'साउंड ऑफ मेटल'. तिसरा ताई सांगेल तो. तीन तासांचे, उपशीर्षकं वाचायला लावणारे, मनाची तयारी मागणारे सिनेमे महिनाभराने घ्या. पाहून झाल्यावर वहीत नावावर काट मारू नका. नावापुढे तारीख घाला, आणि फोनवर ताई जे पहिलं वाक्य बोलली असेल ते लिहा.

आज रविवार असेल तर आजच, नसेल तर येत्या रविवारी ताईला फोन करा. नावं वाचून दाखवायच्या आधी एवढंच विचारा, की शनिवारी साडेआठला मोकळी आहेस का.